भगुन्याचं झाकण आणि आईचा एक्स-रे

दिंद्रुड व पंचक्रोशीतील समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, यापुढे मी कोणालाही एक्स-रेविषयी सल्ला देणार नाही. (ज्यांना आधीच दिला आहे, त्यांनी तो विसरून जावा. पुढं कुणाला सांगितलाच असेल, तर निदान माझं नाव घेऊ नये!)

दिंद्रुडला माझं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर वाचत बसतो, आणि गिऱ्हाईक आलं की जे वाचलं ते त्याला ऐकवतो. (त्यामुळं पुन्हा वाचायला भरपूर वेळ मिळतो.)

तर आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बीडला ठरलं. घरात नुकताच पणतू झालेला. त्याला मांडीवर घेऊन आई विचारायची, "कुणावर गेलाय रं?" बायको म्हणायची, तिच्या माहेरावर. सून म्हणायची, तिच्या वडिलांवर. मी म्हणायचो, माझ्यावर!

"तुमी समदे लबाड," आई म्हणाली. "मला माझ्या डोळ्यानं बघू द्या."

पण तिला खोकला होता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आधी छातीचा एक्स-रे दाखवा. स्वच्छ आला तर परवा ऑपरेशन, नाहीतर पुढच्या खेपेला." ते बाहेरगावाहून येणारे. पुढची खेप कधी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

झालं! मी वाचायला बसलो. एक्स-रेच्या झोतात काही दुबळी किरणंही असतात. ती आरपार जात नाहीत, फोटोच्या कामी येत नाहीत, नुसती अंगात मुरतात. (आमच्या भावकीतही असे काही जण आहेत.) त्यांना आधीच अडवायला यंत्राच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बसवलेला असतो.

ॲल्युमिनियम! म्हणजे आमच्याकडचं 'जर्मन'! ज्याची भगुनी माझ्या दुकानात छताला टेकलीत! पातळ पत्रा एवढं काम करतो, तर जाड झाकण किती करील? परक्याच्या पत्र्याच्या भरवशावर सख्ख्या आईला सोडणारा मुलगा मी नव्हे. मी एका मोठ्या भगुन्याचं झाकण निवडलं, त्याची मूठ काढून टाकली आणि ते सदऱ्याखाली कमरेला खोचलं. बीडपर्यंत मी इतका ताठ बसलो होतो की जीपमधल्या एकानं मला नमस्कार केला!

एक्स-रे काढणारे गृहस्थ म्हणाले, "आजी, धातूचं काही अंगावर ठेवू नका. ती गळ्यातली चांदीची डबी..."

"डबी कशाची? इष्टलिंग हाय ते," आई कडाडली. "जिवात जीव हाय तवर अंगावेगळं करायची न्हाई मी!"

"करूच नका आजी. मुठीत घ्या आणि मूठ खाली ठेवा."

आई यंत्राकडं पाठ करून उभी राहिली, पण तिचे पाय लटपटत होते. धरायला मला थांबावं लागलं. गृहस्थांनी माझ्या अंगावर शिशाचा जडशीळ अंगरखा चढवला आणि बजावलं, "बाजूनं खांदा धरा. हात मध्ये आणू नका." एवढं सांगून ते स्वतः भिंतीमागं गेले.

बघा! स्वतः भिंतीमागं! मी चटकन झाकण काढलं आणि आईच्या पाठीमागं धरलं.

"काय गार लागतंय रं पाठीला?"

"वारं हाय आई."

"बंद खोलीत?"

"श्वास रोखा!" भिंतीमागून हुकूम आला. आईनं रोखला. मीही रोखला. मी झाकण पुन्हा आत सारलं, तोवर पडद्यावर फोटो आला आणि तिसरा श्वास रोखला त्या गृहस्थांनी!

"मॅडम, जरा इकडं या!"

डॉक्टरीणबाई आल्या. पडद्यावर आईच्या छातीत एक फिकट पांढरा चंद्र उगवला होता. बाईंचा चेहरा उतरला. "असा एक्स-रे पाहून उद्याचं ऑपरेशन कुणी करणार नाही. ही गोल सावली कसली?"

आणि मग मी जे बोललो, त्याची लाज मला अजून वाटते.

"ते इष्टलिंग असेल मॅडम! चांदीची डबी! राहिली असेल गळ्यात!"

"मन्मथा!" आई माझ्यावर ओरडली आणि तिनं मूठ उघडून दाखवली. "हे काय हाय? आपली बला देवावर कशाला ढकलतो?"

दारात रांगेतली माणसं डोकावू लागली. त्यात आमचं जुनं गिऱ्हाईक, किसनराव! (अशा वेळी गिऱ्हाईक हमखास येतं.)

"डबी ताटाएवढी नसते," डॉक्टरीणबाई पडद्याला नाक लावून म्हणाल्या. "आणि ही बोटं कुणाची?"

चंद्राच्या कडेला चार बोटांची हाडं स्पष्ट दिसत होती. हात यंत्राच्या जवळ असल्यानं ती राक्षसाची वाटावीत एवढी मोठी! एकात अंगठी. सगळ्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मी हात खिशात घालायला गेलो. शिशाच्या अंगरख्याला खिसा नव्हता. मी चाचपडलो, आणि आतलं झाकण निसटून दणकन फरशीवर पडलं. गोल गोल फिरत, ठणठणत, ते बाईंच्या चपलेपाशी जाऊन निपचित झालं.

"शेठ," दारातून किसनराव म्हणाले, "मूठ कुठं गेली ह्याची?"

मी सगळं सांगून टाकलं. दुबळी किरणं, पत्रा, मातृप्रेम, सगळं!

"अहो, यंत्रात लागतो तेवढा पत्रा असतोच," बाई म्हणाल्या. "तुमचं झाकण फोटोच्या आड आलं, तुमचा हात विनाकारण झोतात गेला आणि आता आजींचा एक्स-रे पुन्हा काढायचा. किरणं वाचवायला निघालात आणि दोनदा दिलीत!"

भांड्यांच्या व्यापाऱ्याला झाकण असूनही तोंड झाकता येऊ नये, याला काय म्हणावं? (दुसरा फोटो स्वच्छ आला आणि ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, हे आत्ताच सांगतो, कारण पुढचं सांगितल्यावर मी इथं थांबणार नाही.)

बाईंनी आईचा हात धरला. "घाबरू नका आजी. किरणांपासून जपायची सगळी सोय आहे आमच्याकडं."

आणि आई, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात, बोलली:

"किरणांचं मरू द्या ओ बाई! ह्याच्यापासनं जपायची काई सोय हाय का, ते सांगा!"