खिडक्यांसाठी घेतलेली खेळणी

"रविवारी वाटूनच टाकू सगळं. ठेवून तरी काय करायचंय? घरात खेळायला हाय कोण?"

पलीकडच्या खोलीत अप्पा आईला म्हणत होते. मी चहाची कपबशी घेऊन दाराशी उभी होते आणि आत जावं की नाही ते माझं ठरत नव्हतं. रमाआत्याला जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. बीदरच्या मैलूर भागातलं तिचं भाड्याचं घर, जिथं आम्ही सगळे जमलो होतो, ते रिकामं करायचं होतं. पलंग, भांडी, शिवणाचं मशीन यांचं काय करायचं ते पटापट ठरलं होतं. राहिले होते भिंतीतल्या फळ्यांवरचे बिस्किटांचे आणि ग्लुकोजचे डबे. त्यांत एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे होते, एका डब्यात एक संच. रविवारी पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या नावानं होणाऱ्या बुद्धवंदनेला, गल्लीतली लेकरं येतील, त्यांना दान म्हणून तेच द्यावेत, असं अप्पांचं म्हणणं होतं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. मी आत गेले, चहा ठेवला आणि एवढंच विचारलं, "डब्यासकट द्यायचे ना?" "व्हय व्हय, डब्यासकटच," अप्पा म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. एका लेकराला एक डबा मिळाला तर आत्याचं ठोकळ्यांचं एकेक घर कुणाच्या ना कुणाच्या घरात का होईना, अख्खं राहणार होतं... मला तेवढंच हवं होतं.

रमाआत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. बीदरच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. चिंताकी गावातल्या आमच्या घरातून शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी तीच. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट तिचा. दवाखान्यात सगळे तिला अक्का म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. तिचा आवाज वॉर्डाच्या या टोकाला निघाला की त्या टोकाचा पेशंट उठून बसायचा. माझा आवाज घरातल्यांनीही फारसा ऐकलेला नाही. आई म्हणायची, दोघींचं मिळून देवानं एकीलाच देऊन टाकलं.

ठोकळ्यांचा नाद तिला लागला तो मुलांच्या वॉर्डात. बरा होऊन गेलेल्या एका मुलाचे वडील आखाती देशात नोकरीला होते, त्यांनी तिकडून आणलेला एक संच वॉर्डाला भेट दिला. हरवेल म्हणून तो कपाटात बंद झाला. "खेळणं कुलपात आन् लेकरं भिंतीकडं बघत पडलेली, ही कुठली रीत?" म्हणत आत्यानं मोठ्या डॉक्टरांकडून किल्ली मिळवली, एकूण एक ठोकळा गरम पाण्यानं धुऊन काढला आणि दुपारच्या निवांत वेळी मुलांच्या पलंगांवर घरं उभी करायला लागली. "लेकरं बरी होऊन घरला गेली," ती सांगायची, "मीच राहिले खेळत."

तिला सोस होता खिडक्यांचा. कुठलाही संच घ्या, भिंतींचे ठोकळे ढीगभर आणि खिडक्या मोजक्याच. तिच्या वॉर्डालाही एकच खिडकी होती, तीही उंचावर. म्हणून तिच्या घरांना प्रत्येक भिंतीत खिडकी लागायची, आणि तेवढ्या खिडक्यांसाठी ती अख्खे संच विकत घ्यायची. बीदरला, गुलबर्ग्याला, कामानिमित्त हैदराबादला गेली तर तिथं... कुठल्याही गावी एसटीतून उतरली की आधी खेळण्यांचं दुकान आणि मग बाकीचं काम. बरोबर मी असायचे. खेळणं मला नको असायचं, पण तिच्याबरोबर जायला आवडायचं. फक्त दुकानात शिरल्यावर मी रबरी बाहुल्यांच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायचे, जणू आमची ओळखच नाही.

"कामून लपायलीस गं तिकडं?" ती अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारायची. "म्या काय चोरी करायले का?"

बीदरच्या चौबाऱ्याजवळ करीमभाईंचं दुकान होतं. वह्या, छत्र्या, क्रिकेटच्या बॅटी आणि वरच्या फळीवर खेळणी. आत्या पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा त्यांनी अदबीनं विचारलं, "बच्चे की उमर कित्ती है, आपा?"

"बयालीस," आत्या म्हणाली.

"महिने?"

"सालां, भाई, सालां! सामने खड़ी तो है!"

करीमभाई आधी गोंधळले, मग इतके हसले की गल्ल्यावरून उतरून त्यांनी स्वतः शिडी लावली. पुढं कधीही नवा माल आला की आधी तिच्यासाठी एक खोकं बाजूला काढलेलं असायचं. आम्ही दारात दिसलो की आतूनच विचारत, "बच्ची कैसी है, आपा?" आणि ती सांगे, "जिद्दी हो गई है, भाई. खिडकियां मांगती है."

गुलबर्ग्याच्या दुकानदाराशी मात्र तिचं जमायला वेळ लागला. ती पैसे द्यायच्या आधी खोकं उघडायची, काउंटरवर रुमाल अंथरून त्यावर सगळं ओतायची आणि चित्राबरोबर पडताळून बघायची. मागं गिऱ्हाईकं खोळंबायची. "बाई, हे दुकान हाय का दवाखाना?" तो एकदा वैतागून म्हणाला. आत्या मान वर न करता म्हणाली, "दवाखान्यात बी बाटली बघूनच सुई भरतो आम्ही." त्याच दिवशी शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी सहज विचारलं, "किती लेकरं तुमाला?" मी बाहुल्यांच्या कोपऱ्यातून ऐकलं. हा प्रश्न तिला कुणी विचारू नये असं मला नेहमी वाटायचं. आत्यानं हातातली खिडकी चौकटीत बसवली. "न्हाईत," ती म्हणाली, "म्हणून तर खेळायला सवड हाय." त्या बाई जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "बसतं कसं हो हे?" त्यानंतर दोघी काउंटरवर कोपरं टेकून इतका वेळ घर बांधत बसल्या की दुकानदारानं शेवटी दोघींसाठी चहा मागवला.

हैदराबादेत एका दुकानात काचेच्या कपाटात परदेशी संच होता, लाल छपराचा दवाखाना. दारात गाडी, आत छोटे पलंग आणि भिंतींना खिडक्याच खिडक्या. किंमत ऐकून आम्ही दोघी बाहेर आलो. पण पुढच्या प्रत्येक खेपेला ती त्या दुकानात जायची, काचेसमोर उभी राहायची आणि परत यायची. "तब्येत बघून आले," म्हणायची. शेवटच्या खेपेला कपाटातली ती जागा मोकळी होती. तिला वाईट वाटेल म्हणून मी तिच्याकडं बघायचं टाळलं... ती मात्र खुशीत होती. "डिस्चार्ज मिळाला गं त्याला!"

सुट्टीच्या दुपारी जेवणं झाली की तिच्या खोलीत फरशीवर चादर पसरायची. नवा संच असेल तर आधी खोक्यावरच्या चित्रासारखं करायचं, मग मोडून आपल्या मनासारखं. मोठं घर बांधायचं असलं तर इतर डब्यांतल्या खिडक्या उसन्या घ्यायच्या आणि मोडल्यावर ज्याच्या त्याच्या डब्यात परत. या बाबतीत ती फार कडक होती. "एकाचं दुसऱ्यात गेलं की दोन्ही घरं मोडली," ती म्हणायची. मी ठोकळे हातात द्यायचे आणि बोलायचे. शाळेतलं, कॉलेजातलं, मनातलं, जे कुठंच बोलत नव्हते ते सगळं. समोरच्याची नजर आपल्यावर नसली की बोलणं सोपं जातं. तिला ते माहीत असावं, कारण त्या वेळी ती माझ्याकडं चुकूनही बघायची नाही.

रविवारी सकाळी मी अप्पांबरोबर फुलं आणायला गेले होते. परत आले तर आत्याच्या खोलीत सतरंजीवर आई आणि गल्लीतल्या बायका गोल करून बसलेल्या. मधोमध ठोकळ्यांचा डोंगर. एकूण एक डबा रिकामा करून सगळं एकत्र ओतलेलं, आणि डाळ निवडावी तसे हात चालू. लाल वेगळे, पांढरे वेगळे, चाकं वेगळी, खिडक्या वेगळ्या. मग सगळ्या डब्यांत सारखी वाटणी.

"बघ," आई कौतुकानं म्हणाली, "कुनाला कमी न्हाई, कुनाला जास्ती न्हाई. चाक बी प्रत्येकाला एकेक."

आईला काय म्हणणार? आमच्या घरात खीर असो, आंबे असोत, वाटणी अशीच होते. गावच्या पंगतीत आमच्या लोकांना कुठं बसवलं जायचं आणि ताटात काय यायचं, हे आजोबांनी पाहिलेलं. त्यांनी घरात नियमच घालून दिला होता, आपल्या हातून वाढताना कुणाला उणं पडता कामा नये. त्या नियमानं आत्याची सगळी घरं एका सकाळीत मोडली होती, आणि तीही किती मायेनं... मी स्वयंपाकघरात गेले. रडू येईल असं वाटलं होतं, पण हसू आलं. आत्या असती तर आधी पोट धरून हसली असती आणि मग तिनं सगळ्यांना फैलावर घेतलं असतं.

वंदना झाली. अप्पांनी एकेका लेकराच्या हातात डबा दिला. लेकरांनी तिथंच झाकणं उघडली. पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीनं आपलं चाक बोटांत धरून वर केलं आणि सरळ अप्पांना विचारलं, "एका चाकाची गाडी कशी चालंल?"  अप्पा आईकडं बघायला लागले, आई डब्याकडं. मागं बायका उठायला लागल्या होत्या, चपला शोधायला लागल्या होत्या, दोन मुलं डबे काखेत मारून दारापर्यंत पोचलीही होती. अजून थोड्या वेळात रमाआत्याचं सगळं काही मूठमूठ होऊन मैलूरच्या गल्ल्यांमधून पांगणार होतं, आणि कुणाच्याच घरी त्यातून धड काही उभं राहणार नव्हतं. खोलीत एवढी माणसं, सगळी एकदम बोलत होती. आत्याचा आवाज त्यांच्यावरून सहज गेला असता. माझा जाईल की नाही ते मला माहीत नव्हतं. मी आत्याची चादर फरशीवर पसरली, मधोमध बसले, दाराकडं बघितलं आणि म्हणाले,

"ए, घरला न्यू नका कुणी! डबे घेऊन हिकडं या, सगळे बसा. मी दावते."