तलवारीच्या जागी कोकरू

नळाची गळती बुजवायच्या लगद्याचा उग्र वास आला की मला हिंगोलीतल्या घरातली ती दुपार आठवते. जुळवायच्या मॉडेलच्या खोक्यातल्या प्लास्टिकच्या बोटभर घोडेस्वाराची तलवार कापून मी त्याच लगद्याचं लुगडं त्याला नेसवलं आणि हातात कोकरू दिलं, कारण आई तिच्या लहानपणी तशीच घोड्यावर बसून मेंढरांमागं रानोरान हिंडायची. त्या दिवसांबद्दल ती कधीच बोलत नसे, म्हणून तो मी तिच्यापुढं भीत भीतच ठेवला. तिनं तो डोळ्यांजवळ धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या; दुखावली, असं मला वाटलं. मग म्हणाली, "कोकरू असं लोंबतं काहून ठेवलं? पोटाशी घे, पडंल ते." लगदा ओलाच होता. मी कोकरू पोटाशी सरकवलं, माझा जीव भांड्यात पडला, आणि आई त्या रानांच्या गोष्टी सांगू लागली. अजूनही सांगूनच राहिली आहे.