एकवीस दिवसांची जोडी

आमच्या कामोठ्याच्या गावठाणात बाईमाणसाला चालायला कारण लागायचं. मासळीला, देवळात, नाहीतर कुणाच्या बारशाला. नुसतं खाडीपर्यंत जायचं आणि हात हलवत परत यायचं, हे कुणाच्या डोक्यात बसत नसे. कॉलेजच्या चालण्याच्या स्पर्धेत मी नाव दिलं तेव्हा आईने पहिला प्रश्न हाच विचारला, की खाडीवर आहे काय. मी म्हटलं, काही नाही, जायचं आणि यायचं. तिने कपाळाला हात लावला.

ही २०१३ च्या आसपासची गोष्ट. मी पनवेलला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आमचे पीटीचे सर नवे होते आणि उत्साहाने नुसते फसफसत असायचे. मुलं मैदानावर येत नाहीत, दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, तर मोबाइलमधूनच त्यांना मैदानावर आणू, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. स्पर्धा एकवीस दिवसांची. दोघांची जोडी करायची, रोज सकाळी अर्धा तास चालायचं आणि चालतानाचा दोघांचा फोटो कॉलेजच्या पेजवर टाकायचा. फोटोला गुण, लाइकला वेगळे गुण, आणि एक दिवस चुकला की जोडी बाद. शेवटच्या दिवशी पहिल्या तीन जोड्यांसोबत सर स्वतः चालणार आणि व्हिडिओ काढणार. जोडीच का, तर एकट्याचं चालणं दोन दिवसांत बंद पडतं, असं सरांचं म्हणणं.

मी तेव्हा चांगली जाडजूड होते. व्यायामाचं नाव काढलं की मला झोप यायची. नाव दिलं ते तिच्यामुळे. ती माझ्याच वर्गातली, कामोठ्यातच पण सेक्टरमधल्या बिल्डिंगमध्ये राहणारी. सडपातळ, बोलकी, सगळ्यांशी ओळख असलेली. अशी मुलगी आपण होऊन माझ्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, आपण दोघी जोडी करू. मी म्हटलं, मला नाही गं चालायला आवडत. ती म्हणाली, मी आहे ना. या तीन शब्दांवर मी विरघळले. लाज वाटते सांगायला, पण तोवर मला असं कुणी म्हटलंच नव्हतं.

आईने दोन अटी घातल्या. एकटीने जायचं नाही, हातात पिशवी ठेवायची. पिशवी कापडी, तिनेच शिवलेली, पांढऱ्या बंदांची. "पिशवी असली म्हंजे कोन इचारत नाय," ती म्हणाली. खरंच कुणी विचारलं नाही. रिकामी पिशवी हलवत मी सहाला निघायचे, सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या बंद मेडिकलपाशी ती उभी असायची, आणि आम्ही खाडीकडच्या रस्त्याला लागायचो. खारफुटीच्या अलीकडे वळण होतं, तिथे फोटो. घरी आले की मी तो आईला दाखवायचे. आई निरक्षर, पण फोटो बारकाईने बघायची. तिच्या केसांत तेल नाही, तुझी ओढणी लोंबतेय, मागे कुणाची म्हैस आहे, सगळं तिला दिसायचं. मैत्रीण बघून समाधानाने मान हलवायची.

दहा दिवस असे गेले. ते दहा दिवस फार चांगले होते, हे मला आजही नाकारता येत नाही. पहिल्या दिवशी मला धाप लागली होती, दहाव्या दिवशी मी तिच्या पुढे चालत होते. घरातलं, मनातलं, जाडेपणावरून ऐकलेलं, सगळं मी तिला त्या रस्त्यावर सांगितलं.

अकराव्या दिवशी तिने चार ओढण्या आणल्या. मावसबहिणीचं लग्न आहे, दोन दिवस येता येणार नाही, तर जास्तीचे फोटो काढून ठेवू, म्हणाली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट मजाच वाटली. ओढण्या बदल, अदलाबदल कर, कधी केस बांध, कधी सोड, असं करत आम्ही हसून हसून बेजार झालो. बदललेल्या ओढण्या माझ्या पिशवीत कोंबत होतो. फोटो झाले नऊ.

लग्नाचे दोन दिवस संपल्यावर, चौदाव्या दिवशी मी मेडिकलपाशी उभी राहिले. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. फोन उचलला नाही. आजारी असेल, आपली जोडी बाद होणार, असं वाटून मी पुन्हा फोन लावला. तेवढ्यात पेजवर फोटो आला. आम्ही दोघी, हिरव्या आणि गुलाबी ओढणीत, खो खो हसताना. खाली तिने लिहिलं होतं, आजची सकाळ माझ्या लाडक्या जोडीदारासोबत. मी बंद शटरसमोर एकटी उभी होते आणि मोबाइलमध्ये मी तिच्यासोबत चालत होते. पोरं धडाधड लाइक करत होती.

कॉलेजात मी तिला गाठलं. भांडायला गेले होते, पण तोंडातून निघालं ते एवढंच, की आली का नाहीस. तिला खरोखरच कळत नव्हतं मी काय विचारतेय ते.

"अगं, फोटो आहेत ना आपल्याकडे. मग चालायचं कशाला?" ती म्हणाली. "तुलाही कुठे आवडत होतं? तूच म्हणाली होतीस. मला वाटलं, तू खूश होशील."

आणि मग सहज पुढे म्हणाली की तुझ्यासोबतच्या फोटोंना लाइक पण भरपूर मिळतात, सगळ्यांना तुझं कौतुक वाटतं. म्हणजे सडपातळ मुलींच्या जोडीला कोण विचारतंय. जाडी मुलगी चालतेय म्हणून लाइक होते. मी तिची मैत्रीण नव्हते, तिची चाल होते. त्या दिवशी बसमध्ये बसून मी हिशेब केला. लग्न दोन दिवसांचं होतं आणि फोटो नऊ होते. बाराव्यापासून विसाव्या दिवसापर्यंत बरोबर नऊ दिवस होतात, आणि एकविसाव्याला तर सर येणार होते. ओढण्या बॅगेत भरतानाच तिचं ठरलं होतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या बसमध्ये कळलं.

सरांना सांगणार कशी? नऊही फोटोंत मी हसत होते. त्यातही माझंच हसणं जास्त मोठं होतं.

मी चालणं सोडलं नाही. सहा वाजले की पाय आपोआप दाराकडे वळायचे. शिवाय खरं सांगायचं तर, रोज मेडिकलपाशी पाच मिनिटं थांबायचे. इतकी मूर्ख होते. घरी आले की आई विचारायची, आली होती ना गं ती? मी पेजवरचा त्या दिवशीचा फोटो तिच्यापुढे धरायचे, आणि ओढणी वेगळी कशी विचारलं तर फोटोपुरती अदलाबदल केली म्हणायचे. एकटी जाते म्हटलं असतं तर तिथेच सगळं बंद झालं असतं. आई मान हलवायची आणि मी चहा प्यायला बसायचे.

एकोणिसाव्या दिवशी आईने बाजारातून नारळ आणले आणि पिशवीचा एक बंद तुटला. तिने संध्याकाळी बसून नवा शिवला, जुन्या लाल ब्लाउजच्या तुकड्याचा. विसाव्या दिवशी मी ती पिशवी घेऊन गेले, एकटी चालून आले आणि फोटो दाखवला. आई सुक्या कोलंबीचे सोडे निवडत होती. हात पदराला पुसून तिने मोबाइल घेतला आणि उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"बंद मी काल लाल लावला," ती म्हणाली. "ह्या फोटोन पांढराच हाय."

मग मी सगळं सांगितलं, रडत रडत. ओढण्या, लग्न, मेडिकल, लाइक. मला वाटलं आई तिला शिव्या घालेल. मला तेच हवं होतं. कुणीतरी माझ्या बाजूने तिला शिव्या घालायला हव्या होत्या.

"तिनी तुला फसवलं," आई म्हणाली. "पन मना त तूच फसवलंस ना?"

सोडे निवडून झाल्यावर ती म्हणाली की उद्या जा, संपव तुझा खेळ.

एकविसाव्या दिवशी ती सहाच्या आधीच मेडिकलपाशी हजर होती, नव्या बुटांत. आमची जोडी पहिल्या तिनांत आली होती. सर आले, व्हिडिओ झाला, तिने कॅमेऱ्यासमोर माझ्या खांद्यावर हात टाकला. तो हात मी झटकला नाही, याचा राग मला अजून येतो. वळणावर सरांनी माझ्या मोबाइलवर आमचा फोटो काढला. एकवीस दिवसांत अकराव्या दिवसानंतरचा तोच एक खरा.

तो घेऊन मी जवळजवळ धावत घरी आले. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, आई, आज खरंच आली होती, सर पण होते, बघ ना.

तिने मान वर केली नाही. "मना नको दावू," ती म्हणाली. "मना फोटोतलं काय कलत नाय."

मी मोबाइल तसाच धरून उभी राहिले. फोटोत माझ्या हातात पिशवी होती आणि तिचा लाल बंद अगदी स्पष्ट दिसत होता.