मधाच्या दशम्या

शेडातल्या शेजाऱ्यांनो, हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात गाव सोडून लातूरला शिकायला निघालो, तेव्हा आईनं बांधून दिलेल्या दशम्या मी खाल्ल्या नाहीत.

भूकंपानंतर राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडात तेव्हा तीन दगडांची चूल होती. दशमीला गूळ लागतो, तो नव्हता. आईनं पेटीतून मधाची बाटली काढली. ती सुमीची, माझ्या धाकट्या बहिणीची. खोकल्याला तिला त्यातला बोटभर मध चाटवायचे. घर पडलं, त्यात सुमी गेली, आणि बाटली तेवढी ढिगाऱ्यात धड सापडली. मध तापला की विख होतो म्हणून भाकरी गार झाल्याशिवाय वर मध न घालणारी माझी आई. तिनं तो दुधात कालवला, त्यात पीठ मळलं, तव्यावर दशम्या भाजल्या. मी बघतच राहिलो.

"आजच्याला चालतंय," ती म्हणाली. "वाटंत गोड खावं माणसानं."

लातूरच्या स्टँडवर दशम्यांचं फडकं सीटवरच ठेवून उतरलो. कंडक्टर ओरडला, "ओ पाव्हणं, भाकरी राहिली की!"

"माझी न्हाई," मी म्हणालो.

विखाची भीती वाटली, की सुमीचं औषध गिळवेना, की बाटली उघडली म्हणून आईचा राग आला होता? अजून मला ठरवता येत नाही. सुट्टीत गेलो तेव्हा तिनं विचारलं, "पुरल्या का रं?" मी म्हणालो, "लई चांगल्या झाल्त्या." तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हे सांगत आलीय.

मग क्लास, मेस, टेस्ट सिरीज. आता नांदेडला मीच क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. मध तापल्यावर त्याचं काय होतं ते फळ्यावर मांडू शकतो. घरी त्याचा काही उपयोग होत नाही.

आई आता आमच्याकडे असते. परवा लेकीनं मोबाईलवर बघून हनी चिली बटाटे करायला घेतले. आई ओट्याशी आली.

"अगं बया, मध जाळावर घालायलीस? बापाला मारतीस का?"

"आजी, तूच तर पप्पांना मधाच्या दशम्या दिल्यास! मेले का पप्पा?"

आई हसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्याचं निराळं व्हतं. सुमीच्या वाटणीचं कुणीतरी खायला पायजे व्हतं. ह्यानं खाल्लं, म्हनून मला पुढं घास गेला."

बटाटे मी दोनदा मागून घेतले. चव कळली नाही.

शेडातल्या शेजाऱ्यांनो, आपलं गाव आता नव्या जागी आहे, माझा फ्लॅट इथं आहे. पण घर कुठलं म्हणाल, तर आईचा तो समज. त्यावर ती उभी आहे, आणि तो खोटा आहे. सांगितलं तर मी काय पाडीन, न सांगता ती गेली तर काय उरेल, मला कळत नाही.

आईला खरं सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.