रविवारी नापास होणारी लाकडं

लाकूड जाळण्यासाठी असतं, ही गोष्ट न पटलेला एकच माणूस मी आजवर पाहिला आहे: नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आमच्या घराशेजारचे काका. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांत डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका शोधणं हे त्यांचं काम. लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरी आलं आणि त्यांची ती नजर दिवाणखान्यातल्या जुन्या लोखंडी शेगडीवर पडली. मग बिचारीचं काही खरं नव्हतं. त्यांनी धुराडं दोनदा साफ करून घेतलं. वादळात पडलेलं एक बीच जातीचं झाड ओळखीच्या डच शेतकऱ्याकडून आणलं आणि उन्हाळाभर मागच्या अंगणात कुऱ्हाड चालवली. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद दिसला, की काका सरपण फोडताहेत असं त्यांच्या टीमनं समजायचं. ढीग असा रचला की वारा आरपार जावा, आणि प्रत्येक ओळीवर खडूनं तारीख घातली. माझ्या मुलाला तिथून एक काटकी उचलायचीही चोरी होती.

पहिल्या हिवाळ्यात लाकडं ओली होती, हे मला पटलं. पण दुसरा हिवाळा आला, कालवा गोठायची वेळ आली, तरी काका दोन स्वेटर घालून थंडगार शेगडीसमोर बसलेले. मी जात्याच भोचक. विचारलं तर म्हणाले, "आईनं अजून पास केली नाहीत."

त्यांची आई भंडाऱ्याकडच्या गावात राहते, वडील गेल्यापासून एकटीच. दर रविवारी काका व्हिडिओ कॉल लावायचे आणि फोनसमोर दोन लाकडं एकमेकांवर आपटायचे. वाळलेलं लाकूड टणटणीत वाजतं, ओलं बद्द वाजतं, हे म्हातारीचं शास्त्र. ती कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "ओलंच हाय अजून, बाबू. वरच्या ओळीतलं वाजव बरं." अशी तासभर परीक्षा चालायची. अधूनमधून गावातलं कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण, तिचा दुखरा गुडघा, सगळं यायचं, आणि शेवटी झाडून सगळी लाकडं नापास.

एका रविवारी मी तिथेच होतो. माझ्या कानांना लाकडं चक्क घंटेसारखी वाजत होती. ओल मोजायचं यंत्रही वाळली म्हणत होतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोन ठेवल्यावर मी ऐटीत म्हणालो, "काका, फोन असल्या ठोक्याला गोंगाट समजतो आणि गाळून टाकतो. आजींना नुसतं बद्द ऐकू येतंय. ती सेटिंग बंद करा!"

काका लाकडं जागेवर ठेवत म्हणाले, "मीच चालू ठेवलीये ती. अरे, आई फोनवर दोन मिनिटं टिकायची नाही. जय भीम, जेवलास का, ठेवते. विमानं बंद, मी जाऊ शकत नाही, ती येऊ शकत नाही. लाकडं आल्यापासून तासभर बोलते. लाकडं पास झाली, तर मग रविवारी काय बोलणार आम्ही?"

मला माझ्या हुशारीची लाज वाटली. त्या हिवाळ्यात मी पुन्हा शेगडीचा विषय काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात आजी आल्या. नऊवारीवर काकांचं जाडजूड जॅकेट चढवून त्या थेट मागच्या अंगणात गेल्या आणि त्यांनी दोन लाकडं आपटली. टण्ण! त्यांनी लेकाकडे बराच वेळ पाहिलं.

"हे तर कधीचं वाळलंय, बाबू."

"फोनच खराब होता, आई."

"हो, फोनच," आजी म्हणाल्या. त्या संध्याकाळी शेगडी पेटली. आजींनी स्वतःच्या हातानं एकेक लाकूड आत सारलं, पण अंगणात आपटलेली ती दोन मात्र बाजूला काढून खिडकीत ठेवली. आम्हाला हात लावू दिला नाही.

आता त्या गावी परत गेल्या आहेत. परवा रविवारी काकांकडे गेलो, तर ते खिडकीतली तीच दोन लाकडं फोनसमोर वाजवत होते. पलीकडून आजींचा आवाज आला, "ओलीच हायेत रे अजून. पुढच्या रविवारी बघू."