लिंटेलबेकचे सहा खांदेकरी

रोज दुपारी एक ते तीन लिंटेलबेकमध्ये कुणी आवाज करत नाही. गवत कापायचं नाही, लाकडं फोडायची नाहीत, गालिचे झटकायचे नाहीत. कायदा असता तर कुणी तरी मोडला असता. ही रीत आहे. मी आप्पांच्या खोलीत कोचावर आडवी झाले आहे. हातात त्यांच्या हस्ताक्षरातलं एक पान आहे. ते मी दोनदा वाचलंय आणि तिसऱ्यांदा वाचताना ओळी एकमेकींत मिसळायला लागल्यात. पान छातीवर ठेवते. पडदा हलतो, आणि बाहेरचं बीटाचं शेत थोडं आत सरकल्यासारखं वाटतं.

पान मराठीत आहे. या गावात ते वाचू शकणारी मी एकटी.

माझे वडील, दिगंबर मोहोळकर, अडुसष्ट साली कृष्णाकाठच्या साखर कारखान्यातून उत्तर जर्मनीतल्या या भागात आले. इथे साखर बीटाची करतात. निवृत्त झाल्यावर गावाने त्यांना गावाचा इतिहास लिहायला सांगितला, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं आणि त्यांचं गावात कुणाशी वैर नव्हतं. वैर असायला आधी नातं लागतं. ते आधी सगळं मराठीत लिहीत आणि मग जर्मनमध्ये उतरवत. पुस्तक वीस वर्षांपूर्वी छापलं गेलं. त्यात हे पान नाही. हे त्यांनी जर्मनमध्ये उतरवलंच नाही.

पानावर १९४४ सालचं आहे. टोनीसच्या शेतावर झोफिया नावाची एकोणीस वर्षांची पोलिश मुलगी होती, युद्धात सक्तीने आणलेली. तिला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी मालकाने तिला बीट काढायला पाठवलं. डुकरांचं खाणं शिजवायच्या खोलीत, बटाट्याच्या खोक्यात मूल ठेवलेलं असे. ते अकरा आठवडे जगलं. त्याला चर्चच्या भिंतीबाहेर पुरलं, जिथे थडग्यांवरचे सुकलेले हार टाकतात तिथे. हे सगळं आप्पांना त्या वेळच्या पाद्र्याच्या रोजनिशीत सापडलं होतं.

त्या मालकाचा नातू हायनर टोनीस आमचा शेजारी आहे. काल तो बायकोने केलेला आलुबुखारचा केक घेऊन आला होता. पुढच्या वर्षी गावाला आठशे वर्षं होतात, पुस्तक पुन्हा छापायचंय. "काही दुरुस्त्या असतील तर उद्या संध्याकाळपर्यंत दे, शैला," म्हणाला. मग दारात थांबला. "तुझे वडील किती हलके होते." इथे शेजारच्या सहा घरांतले पुरुष मयताला खांदा देतात, घराच्या दारापासून थडग्यापर्यंत. मार्चमध्ये आप्पांना दिला, तेव्हा पुढे उजवीकडे हायनर होता.

"पाय घे," आप्पा म्हणतात.

मी पाय घेते. ते कोचाच्या टोकाला बसतात. डोक्यावर लोकरीची टोपी, पायांत शेतावर घालायचे बूट. गेलेला माणूस शेजारी बसलाय याचं मला काही वाटत नाही. बुटांचा चिखल गालिच्याला लागेल एवढंच वाटतं.

"वाचलंस?"

"वाचलं."

"अक्षर कसं आहे?"

"नेहमीसारखं. सुरेख."

"मग चिडलीस कशाला?"

"हे जर्मनमध्ये का नाही लिहिलंत?"

"वेळ नव्हता."

"मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मंडळावर चौदा पानं लिहायला वेळ होता."

"जुनं मंडळ आहे गं ते," आप्पा म्हणतात, आणि खांदे हलवत आवाज न करता हसतात. असं ते मी लहान असताना हसायचे.

मी गालिच्यावर पाय टेकते. खाली माती आहे. आम्ही बीटाच्या दोन ओळींमधून चाललोय, ते पुढे, मी मागे. कोच मागे शेतात तसाच आहे, त्यावर माझ्या डोक्याचा खड्डा. आप्पा काठीने दाखवत चालतात. गावातल्या प्रत्येक शेताचं नाव त्यांनी मराठीत करून ठेवलं होतं.

"हे भूकशेत. ही म्हातारीची पाचर. ती तिकडे फाशीची टेकडी. तिथे कुणाला फाशी दिलं तेही मी लिहिलंय."

"त्याला चारशे वर्षं झाली, आप्पा. फाशी देणाऱ्यांचा नातू केक घेऊन दारात येत नाही."

"तेच तर," आप्पा म्हणतात.

पुढे एक बाई वाकून बीट उपटते आहे. पाला कापते, बीट मागे टाकते, पुन्हा वाकते. वय फार नाही. पाऊस नाही, तरी तिच्या झग्याचा छातीवरचा भाग भिजलेला आहे. ती सारखी शेताच्या टोकाकडे, टोनीसच्या गोठ्याकडे बघते. आप्पा काठी दुसऱ्या हातात घेतात आणि तिच्याकडे न बघता पुढे जातात.

"थांबा ना. तिला विचारू."

"तिला मराठी येत नाही."

"तुम्हाला जर्मन येत होतं."

आप्पा चालत राहतात. समोर दार आहे, शेताच्या मधोमध, आमच्याच घराचं. ते उघडून धरतात. आईच्या वेळचा वास येतो, फोडणीचा आणि रॉकेलच्या शेगडीचा. मी तेरा वर्षांची आहे. आईची शवपेटी चाकांच्या गाडीवर ठेवलेली आहे आणि शहरातून आलेली दोन माणसं ती ढकलत रस्त्यावर नेताहेत. एक चाक कुरकुरतंय. मागे आप्पा, त्यांच्या मागे मी. दोन्ही बाजूंना सहा घरं, आणि सहाही घरांचे पडदे ओढलेले.

"एकही आला नाही," मी म्हणते. तेव्हा म्हटलं नव्हतं.

"आपलं चुकलं होतं."

"आपलं?"

"आपल्याकडे मयताला बोलावणं नसतं. कळलं की माणसं येतात. मी रात्रभर दार उघडं ठेवून बसलो होतो." आप्पा टोपी काढून हातात घेतात. "इथे घरच्याने जाऊन पहिल्या शेजाऱ्याचं दार वाजवायचं असतं. मग तो बाकीच्यांना सांगतो. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या मयताला हात लावणं इथे उद्धटपणा. ते वाट बघत होते, मीही वाट बघत होतो."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"पुस्तक लिहिताना. हायनरच्या आईने सांगितलं. चोवीस वर्षांनी. म्हणाली, आम्ही सगळे काळे कपडे घालून पडद्यामागे उभे होतो, मोहोळकरसाहेब. तुम्ही दार वाजवलं नाहीत." ते टोपी फिरवत राहतात. "रडली बिचारी. त्याच आठवड्यात मला ती रोजनिशी सापडली. तिच्याच सासऱ्याचं नाव."

"म्हणून?"

"म्हणून काय. तिने मला कॉफी दिली, मी प्यायलो."

"एका मुलावर पाणी सोडलंत, सहा खांद्यांसाठी."

"तू रागावलीस की जर्मनसारखी बोलतेस," आप्पा म्हणतात. "अगदी मुद्द्याचं."

चाकाचं कुरकुरणं थांबलंय. पेटी आता चाकांवर नाही, माणसांच्या खांद्यांवर आहे. सहा माणसं, काळे कोट, उंच काळ्या टोप्या. मार्चमधली थंडी. आप्पा माझ्या शेजारी उभे राहून स्वतःचं मयत बघताहेत. लग्नाची वरात बघावी तसे, मान उंचावून.

"पावलं बघ कशी टाकतात. एकदम. कुणी मोजत नाही, तरी एकदम."

त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता, माझ्या लग्नातही नाही. त्यामुळेच मी पान उलगडते.

"शैले, नको."

मी वाचायला लागते. मराठीत वाचते, मोठ्याने. पाद्री थांबतो. सहाही जण थांबतात. त्यांना एक शब्द कळायचं कारण नाही, तरी झोफियाचं नाव येण्याआधीच त्यांच्या माना खाली जातात. मी डुकरांच्या खोलीपाशी येते तेव्हा हायनर पेटीखालून खांदा काढून घेतो. रागाने नाही. टोपीला हात लावतो, मला म्हणतो, "दूध काढायची वेळ झाली," आणि घराकडे चालू लागतो. मग त्याच्या मागचा. मग पलीकडचे दोघे. प्रत्येक जण टोपीला हात लावून जातो. शेवटचा जाताना माझी क्षमाही मागतो.

पेटी कलते. मी धावत जाऊन उजवा खांदा खाली घालते.

"झालं समाधान?" आप्पा विचारतात.

"बोलू नका. दुसरी बाजू धरा."

"कशी धरू? मी आत आहे."

शेजारी खरंच कुणी नाही. आवाज लाकडातून येतोय, माझ्या कानाशी. मी चालायला लागते. रस्त्यावर पडदे ओढलेली सहा घरं, आणि प्रत्येक पडद्याला मधे एक सुरकुती, कुणी तरी मागून धरल्यासारखी. पेटी इतकी जड आहे की पुढची जमीन मला दिसत नाही, फक्त बुटांची टोकं दिसतात.

"हायनर म्हणाला तुम्ही हलके होता."

"सहा जणांत कुणीही हलकाच असतो."

चर्चचं फाटक येतं. मी आत वळत नाही. भिंतीच्या कडेने, बाहेरून चालते.

"इकडे कुठे?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तिथे माझी जागा नाही, शैले. माझी जागा आत आहे. त्यांनी खणून दिलीय."

"माहीत आहे कशाच्या बदल्यात."

 मग आतून अगदी हळू, मी लहानपणी तापात असताना बोलायचे तसे:

"तू हे घर विकणार नाहीयेस ना? राहणार आहेस इथेच?"

"हो."

"मग तुझी वेळ येईल तेव्हा?"

मला मूल नाही. नवरा होता, तो म्युनिकला दुसरीसोबत राहतो. आप्पांना हे माहीत आहे, म्हणूनच विचारताहेत. मी चालत राहते. भिंतीचा कोपरा येतो. सुकलेल्या हारांचा ढीग, ओल्या पानांचा वास, फिकट पडलेल्या रिबिनींवरची सोनेरी अक्षरं. मी गुडघे वाकवते.

"इथे नको ठेवूस. इथे मला कुणी ओळखत नाही."

"त्याला तरी कोण ओळखतं?"

ढिगाजवळची माती खाली बसलेली आहे, खोक्याएवढीच. मी तिच्या शेजारी पेटी टेकवायला जाते, आणि लाकूड खांद्यावरून सुटत नाही.

तीनचे ठोके पडतात.

रस्त्यापलीकडे टोनीसचं गवत कापायचं यंत्र सुरू होतं. मी कोचावर आहे. पान जमिनीवर पडलंय. ते उचलायला मी हात पुढे करते आणि ओरडते, कारण उजवा हात खांद्यातून उचलला जात नाही. न्हाणीघराच्या आरशासमोर ब्लाऊज खांद्यावरून सरकवते. गळ्याच्या हाडापासून मागे पाठीपर्यंत चार बोटं रुंद, लालजांभळा पट्टा उमटलाय. मधोमध कातडी सोलवटली आहे आणि कापडाला रक्ताचा डाग आहे. कोचाला लाकूड नाही, कठडा नाही. मी बोट लावून बघते. झोंबतं.

मग टेबलापाशी येऊन बसते, पान दिव्याखाली ठेवते आणि डाव्या हाताच्या एका बोटाने संगणकावर जर्मनमध्ये लिहायला लागते. फार हळू होतंय. आप्पांच्या पहिल्याच वाक्यात शेताच्या मालकाचं नाव आहे. बाहेर त्याचा नातू कुंपणापाशी यंत्र वळवतो, मला खिडकीत बघतो आणि हात हलवतो. मला हात वर करता येत नाही. मी मान हलवते, आणि नाव पूर्ण लिहिते.