थापी भागूबाईच्या हातात

बजाजनगरच्या आमच्या घरावर मजला चढवायला घेतला आणि छठ आली. बिहारचे चारही गवंडी गावी गेले, ते महिना झाला तरी परतायचं नाव घेईनात. ठेकेदार आप्पासाहेब रोज त्यांना फोन लावायचे आणि रोज मला "उद्या नक्की" म्हणून सांगायचे. इथली तरणी पोरं गवंडीकामाला तयार नाहीत; गवंड्याला पोरगी कोण देतो, म्हणतात. अर्धवट भिंती बघून माझं डोकं फिरायचं.

आमच्या बांधकामावरची मजूर भागूबाई मूळची पाचोडची. उभी हयात तिनं डोक्यावर घमेलं वाहिलं. बाईनं सिमेंटचा माल वाहायचा आणि विटा लावायची थापी पुरुषानं धरायची, ही आमच्याकडची रीत. बाकीच्या बाया ऊसतोडीला गेलेल्या, ही एकटी उरलेली. एक दिवस तिनं आप्पासाहेबांना सरळच विचारलं, "मी लावू का विटा? इतकी वर्सं बघतेच हाय की."

आप्पासाहेब हसले. पण माझा तगादा मागं होता, म्हणून "लावा" म्हणाले.

मग माल वाहायची तीच आणि विटा लावायचीही तीच. पहिली भिंत पोटात फुगली. मी बोलायच्या आत तिनं ती स्वतःच पाडली, विटा धुतल्या, पुन्हा ओळंबा सोडला. "बघत उभं राहू नका सायेब, वीट वाकडी बसती माझी," म्हणाली. मी खाली जाऊन चहा सांगितला. दुसरी भिंत सरळ उभी राहिली. तिसरीला तर बाई गुणगुणत होती. मला तिचं भारी कौतुक वाटायला लागलं.

एका सकाळी बिहारी गवंडी हजर झाले. आप्पासाहेबांची कळी खुलली.

"भागूबाई, झालं तुमचं. घमेलं उचला आता."

तिचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. मी तोंड उघडणार, तोच ती बोलली, "घमेल्याला दुसरं माणूस बघा. मी विटाच लावणार."

"दुसरं कुठून आणू? मिळतंय का कुणी?"

"नाय ना? मग घमेलं देऊन मला तरी कशाला घालवता?"

खाली कालवलेला माल घट्ट होत चालला होता. वर चार गवंडी रिकाम्या हातांनी उभे, आणि पाचवी भागूबाई जागची हलेना. आप्पासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि घमेलं डोक्यावर घेतलं. जिना चढता चढता त्यांना धाप लागली.

भागूबाईनं घमेलं उतरवून घेतलं, मालात थापी खुपसली आणि भिंतीकडं वळत म्हणाली, "पुढचं जरा लवकर आणा, आप्पासाहेब."